यादीतले चार, यादीबाहेरचे दोन

मिरज,
४ ऑक्टोबर २०२५

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा दसरा झाला. तुझ्या वाटचं सोनं आईने देवापुढे ठेवलंय, दिवाळीला आलीस की घे. गणपतीत येऊन तू टीव्हीला ते सगळं जोडून दिलंस आणि मेडिकलच्या बिलामागे सिनेमांची यादी लिहून फ्रिजला चिकटवून गेलीस, त्याला महिना होत आला. दर रविवारी फोनवर विचारतेस, "बघितला का? कसा वाटला?" मी "बरा आहे" म्हणतो आणि तू चिडतेस. चिडणं बरोबर आहे. पण फोनवर मला मत सांगता येत नाही गं. ३४ वर्षं कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात गेली. स्वतःचं बोलायची वेळ आली की मी आपला समोरच्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. हातात पेन असलं की जमतं, म्हणून हे पत्र.

'तुंबाड'चं आधी उरकून टाकतो. अर्धाच बघितला. पाऊस, तो पडका वाडा, साखळीला बांधलेली म्हातारी, इथपर्यंत आई पदर तोंडाला लावून का होईना, बसली होती. मग ते पिठाच्या बाहुल्या घेऊन विहिरीत उतरायला लागले. आईने रिमोट माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "मला उद्या कणीक मळायची आहे, बंद करा." उरलेला मी एकटा बघावा असं तू म्हणशील. रात्री अकराला, एकट्याने, ते मला झेपणार नाही. कॅमेऱ्याचं काम अव्वल आहे, एवढं मत नोंदवून घे.

'दशावतार' तुझ्या यादीत नव्हता. तो आम्ही सांगलीला जाऊन थिएटरात पाहिला. सहा वर्षांनी थिएटर! तिकिटापेक्षा पॉपकॉर्न महाग, हे तुला माहीत असेल, मला नव्हतं. आईने पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि अंधारात मला एक दिला, मग शेजारच्या अनोळखी बाईंनाही दिला. दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत. नजर अधू होत चाललेला दशावतारी नट, रात्री तोंडाला रंग लावला की निराळाच माणूस होतो, हे त्यांनी असं काही केलंय की पहिला अर्धा भाग मी खुर्चीच्या कडेवर बसून पाहिला. पेटाऱ्यातून दागिने काढताना त्यांची बोटं बघ. पुढे मात्र सगळ्याची सूडकथा झाली आणि पाठीमागचं संगीत एवढं मोठ्याने वाजायला लागलं की आईने कानात बोटं घातली. मला पहिला अर्धा भाग पुरला असता. आईला दुसरा जास्त आवडला. "वाईट माणसांना मार पडला की मला झोप चांगली लागते," म्हणाली.

आता 'कोर्ट'.

हा मी यादीतून पहिल्यांदा लावला, कारण उघड आहे. तुला भीती वाटत होती की मी चुका काढत बसेन. अगं, वही घेऊनच बसलो होतो! आजवर सिनेमातलं कोर्ट बघितलं की मी उठून जायचो. वकील आरोळ्या ठोकतायत, साहेब हातोडा आपटून 'ऑर्डर ऑर्डर' म्हणतायत. ३४ वर्षांत एकाही न्यायाधीशाच्या टेबलावर मी हातोडा पाहिला नाही. आमच्याकडे आपटायला फक्त फायली होत्या. ह्या सिनेमात सगळं तसंच आहे, जसं असतं. शिपायाचा पुकारा, मधेच आत येऊन पुन्हा बाहेर जाणारी माणसं, वकिलाचं 'तारीख द्यावी', आणि सगळ्यांवर तो पंखा. वहीचं पान कोरं राहिलं.

गोष्ट तुला माहीतच आहे. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिरावर खटला. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने जीव दिला. कॅमेरा खोलीच्या टोकाला उभा करून ठेवलाय. मला वाटलं, टीव्हीचं काही बिघडलं, माणसं जवळ का येत नाहीत? मग लक्षात आलं की कोर्टात मागच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकाला असंच दिसतं. त्याला कोणी जवळ घेत नाही.

आणि मनू, त्यात टायपिस्ट आहे. साक्षीदार आपल्या भाषेत काहीतरी सांगतो, न्यायाधीश ते ऐकतात, मनात त्याचं इंग्रजी करतात आणि टायपिस्टला सांगतात. टायपिस्टने टाइप केलं तेवढंच खरं. बाकी हवेत. आईने मला कोपराने ढोसलं, "तुम्ही." मी म्हटलं, हो, मी.

त्या कामगाराच्या बायकोची साक्ष मी दोनदा मागे नेऊन पाहिली. तो गटारात उतरण्याआधी खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. सगळं ती अशा आवाजात सांगते की जणू रेशनच्या दुकानाची वेळ सांगतेय. रडत नाही, कोणाला दोषही देत नाही. प्रश्न आला की उत्तर, प्रश्न संपला की गप्प.

अशा बायका मी किती उतरवून घेतल्या असतील! उलटतपासणीतली वाक्यं अजून झोपेत सांगेन. "हे म्हणणे खरे नाही की माझे पती मला मारहाण करीत असत." साक्षीदार बाई नुसती मान हलवून "नाय" म्हणालेली असते, कागदावर मात्र एवढं लांबलचक वाक्य जातं, आणि ते तिचं म्हणून जातं. शंभर शब्द मिनिटाला, मराठी लघुलेखन. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. सिनेमा संपल्यावर मी आठवून बघितलं. आवाज खूप आठवले. एका कोकणी म्हाताऱ्याचा, एका फिर्यादी मुलीचा, जी प्रत्येक उत्तराआधी घसा खाकरायची. चेहरा एकही आठवला नाही. टायपिस्ट मान वर करत नाही ना. मान वर केली की एक वाक्य गेलं.

गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील मला फार पटली. कोर्टात कायद्याची कलमं घडाघडा वाचते आणि सुटल्यावर लोकलमधून घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. वाईट बाई नाही ती. तिला पाच वाजता काम संपवायचंय, एवढंच. अशी माणसं मी रोज बघितली, त्यांच्याबरोबर डबा खाल्ला. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश त्या दिवशी ऐकतच नाहीत, तो प्रसंग आला तेव्हा मी हसलो आणि आई हसली नाही.

शेवटाबद्दल आमचं भांडण झालं. उन्हाळ्याची सुटी लागते, कोर्ट रिकामं होतं, एकेक दिवा विझतो आणि काळोख. तिथे संपायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. पुढे न्यायाधीश सहलीला जातात, बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून उठवतात आणि ते एका पोराला थोबाडीत देतात, ते कशाला हवं होतं? आई म्हणाली, "मला तेवढंच खरं वाटलं. तुमचे साहेब लोक सुटीत घरी कसे वागायचे, ते त्यांच्या बायकांना विचारा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मत बदललेलं नाही.

हा २०१५ साली थिएटरात लागला होता, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता, आणि मी त्या वेळी नोकरीत होतो. कोर्टात कोणी त्याचा विषय काढल्याचं आठवत नाही.

त्या नर्सांच्या सिनेमाचं नाव म्हणायला आईला तीन दिवस लागले. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. आता ती त्याला 'कुकरचा सिनेमा' म्हणते. हळू आहे, हे तुला मान्य करावंच लागेल. पहिला अर्धा तास मी कोण कुणाची कोण हेच शोधत होतो. त्यात मल्याळम. खाली अक्षरं वाचू की माणसं बघू? मग मी एक युक्ती केली. चष्मा काढला. अक्षरं दिसेनाशी झाली, माणसं दिसत होती. आश्चर्य म्हणजे फारसं अडलं नाही.

छाया कदमची पार्वती मला आपली वाटली. दवाखान्यात स्वयंपाकाला, मूळची रत्नागिरीकडची, नवरा गिरणीत होता. तो गेला आणि खोलीचे कागद कुठे आहेत तेही गेलं. बिल्डर उठवायला आलाय. वकील सांगतो, कागद नसेल तर काही करता येत नाही. इतकी वर्षं एका खोलीत राहिलेली बाई, आणि ती तिथे राहत होती याला पुरावा नाही. मी आईला म्हटलं, "लाइटबिल तरी असेल, रेशनकार्ड तरी, काहीतरी निशाणी पडली असती." आई म्हणाली, "तुमच्याकडे येऊन तिने विचारलं असतं तर तुम्ही मान वर केली असती का?" हल्ली ही असं बोलते. सिनेमे जास्त झाले असावेत.

पण त्या सिनेमातलं खरं म्हणजे तो कुकर. प्रभा नावाच्या नर्सचा नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेला, पुढे फोनही बंद. एक दिवस घरी पार्सल येतं, त्यात भात शिजवायचा लाल कुकर. रात्री सगळं निजल्यावर ती तो कुकर पोटाशी घेऊन बसते. बाकी काही नाही. मला वाटलं आता रडेल, आता फेकून देईल. काही करत नाही. आईने बराच वेळाने हळूच विचारलं, "चिठ्ठी नव्हती ना आत?"

नव्हती. मी तुला बंगळूरुला किती वर्षं भडंगाचे डबे पाठवतोय! कधी चिठ्ठी घातली नाही. पत्ता मात्र मोत्यासारख्या अक्षरात.

मग मध्ये 'अशी ही बनवाबनवी'. तोही यादीबाहेरचा. खरं सांगायचं तर 'द डिसायपल' लावायचं मी टाळत होतो, म्हणून हा. १९८८ चा सिनेमा, आईने किती वेळा बघितला असेल याची गणती नाही. "धनंजय माने इथेच राहतात का?" येण्याआधीच ही म्हणून मोकळी होते आणि मग टीव्हीतला माणूस तिच्या मागून म्हणतो. अशोक सराफ आणि लक्ष्या एका चौकटीत आले की मला काही करावं लागत नाही, हसू आपोआप येतं. ते सत्तर रुपये वारले, तेव्हा मी ठसका लागेपर्यंत हसलो.

यात मात्र मी चूक काढलीच. विश्वासराव सरपोतदार भाडेकरूला सामानासकट बाहेर काढतात. पुण्यात! त्या वेळी १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा लागू होता, भाडेकरू हलवायला घरमालकांच्या पिढ्या कोर्टात संपायच्या. धनंजय मान्यांनी एक मनाईहुकूम आणला असता की साडी नेसायची वेळच आली नसती. आई म्हणाली, "मग सिनेमा कसा झाला असता?" ते एक आहेच.

'द डिसायपल' गेल्या मंगळवारी लावला. एकट्याने. आई भजनाला गेली होती.

तोही 'कोर्ट'वाल्या चैतन्य ताम्हाणेंचाच, व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालेला. मोटारसायकलचं आधी सांगतो, म्हणजे विसरणार नाही. तो गाणं शिकणारा शरद रात्री रिकाम्या मुंबईतून गाडी चालवतो आणि कानात माई नावाच्या गायिकेची जुनी व्याख्यानं चालू असतात. गाडी इतकी सावकाश की पायी चालणारा पुढे जाईल. एकदा छान वाटलं, दोनदा चाललं, चौथ्यांदा मी पाणी प्यायला उठलो. पण तो माईंचा आवाज! तो दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा आहे, हे मला नंतर कळलं. ठाम, कोरडा, कुठेही चढत नाही. वाटलं, हिचं डिक्टेशन घ्यायला हवं होतं. हा सिनेमा घरोघरी दिसायला लागला ३० एप्रिल २०२१ ला, आणि भावे त्याआधी अकरा दिवस गेल्या. 'कोर्ट'मधला शाहीर, वीरा साथीदार, तेही त्याच महिन्यात नागपूरला करोनाने गेले. दोन्ही सिनेमे पाठोपाठ बघताना ते सारखं मनात येत होतं.

शरद वाईट गात नाही, हीच त्याची पंचाईत आहे. चांगला गातो. स्पर्धेत नंबर येत नाही एवढा चांगला. गुरुजी त्याला शिकवताना मधेच थांबवतात, पुन्हा म्हणायला लावतात, पुन्हा थांबवतात. कॅमेरा हलत नाही, त्यामुळे मलाही दुसरीकडे बघायची सोय नव्हती. आणि त्याचा बाप. स्वतः गाण्यात काही झाला नाही, म्हणून पोराला खेळ सोडून रियाजाला बसवणारा. त्या बापाचा आवाज वर चढत नाही. तो ओरडत नाही. मीही कधी ओरडलो नव्हतो, तू साक्षीला आहेस.

तू अकरा वर्षांची होतीस तेव्हा आपण सतारमेकर गल्लीतून तुझा तंबोरा आणला. आठवतंय? ओळीने भोपळे टांगलेले होते आणि तू विचारलंस, "ह्याची भाजी का नाही करत?" त्या वृद्ध कारागिराला इतकं हसू आलं की त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मिरासाहेबांच्या उरुसात मी तुला रात्रीच्या गाण्याला घेऊन जायचो. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव आहे हे, असं सांगायचो, आणि तू माझ्या मांडीवर झोपायचीस. मला वाटायचं, झोपेत का होईना, कानावर पडतंय.

मध्यमाच्या परीक्षेच्या आदल्या महिन्यात तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, मला येत नाही. म्हणजे येतं, पण येत नाही." मी म्हणालो, "फी भरली आहे." त्यावर तू काही बोलली नाहीस. पुढचे आठ दिवस मीही नाही. तुझं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं, ते माझं कामच आहे. चेहरा आठवायला लागलो तर आठवेना. मंगळवारी शरद मैफिलीत गाता गाता थांबतो, श्रोत्यांची माफी मागतो आणि उठून जातो. तिथे मला तो चेहरा दिसला. त्याला तिथवर यायला निम्मं आयुष्य लागलं. तू सतराव्या वर्षी, दारात उभी राहून, चार शब्दांत सांगितलं होतंस.

आई भजनाहून आली तेव्हा मी टीव्ही बंद करून बसलो होतो. "कसा होता?" तिने विचारलं. मी म्हटलं, "लांब आहे."

दुसऱ्या दिवशी तंबोरा माळ्यावरून उतरवला. (शिडी शेजारच्या मुलाने धरली, काळजी नको.) खोळ उंदरांनी कुरतडलीय, भोपळा शाबूत आहे. एक खुंटी घट्ट बसलीय, हलत नाही. तारा सगळ्या गंजल्या. मागच्या गल्लीतली एक मुलगी गाणं शिकते, तिच्या आईने विचारलंय, विकायचा आहे का. मी "मुलीला विचारून सांगतो" म्हटलं. तुझा आहे. द्यायचा असेल तर तसं कळव, मी दुरुस्त करून देईन, पैसे घेणार नाही. ठेवायचा असेल तर नवी खोळ शिवून घेतो. ठेवलास म्हणजे गायलाच पाहिजे, असं काही नाही.

पुढच्या यादीबद्दल. आईच्या अटी अशा: एक तरी गाण्यांचा, कोणी मरता कामा नये, आणि मोटारसायकल वेगाने चालवावी. माझी अट एकच, इंग्रजी नावं मराठीत लिही, फ्रिजजवळ जाऊन वाचताना अडतं. आणि यादी औषधाच्या बिलामागे नको. मागच्या आठवड्यात रक्तदाबाच्या गोळीचं नाव शोधायला मी बिल काढलं आणि दुकानदाराला 'कोर्ट' मागितलं.

दिवाळीचं तिकीट काढलंस का? राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री निघून दुसऱ्या दिवशी इथे येते, तीच बरी. बसने येऊ नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. हे पत्र भडंगाच्या डब्यात वरच ठेवतोय. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलंय, तरी कडेला तेल लागलं असेल तर तिथलं वाक्य मला फोन करून विचार. यंदा भडंगात लसूण जास्त झालाय असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही.